किराण्याचा हिशेब : गावचे दुकान, आठवड्याचा बाजार आणि शहरातील मोठे भांडार
(इयत्ता पाचवी ते सातवी; गणित व परिसर अभ्यास यांचा संयुक्त पाठ)

प्राथमिक शाळेच्या गणिताच्या पुस्तकात नफा-तोटा, शेकडेवारी व सूट यांची उदाहरणे भरपूर असतात. विद्यार्थी ती पाटीवर अचूक सोडवितात. परंतु तोच विद्यार्थी संध्याकाळी आईने दिलेली दहाची नोट घेऊन दुकानात जातो, तेव्हा शाळेतील भागाकार त्याच्या मदतीस येत नाही. पाटीवरचा हिशेब व घरचा हिशेब ही दोन निराळी जगे आहेत, अशी त्याची समजूत झालेली असते. ती दूर करण्यास किराण्याच्या खरेदीइतका सोयीचा विषय दुसरा नाही. प्रत्येक घरात वाणसामान येते. प्रत्येक मूल कधी ना कधी दुकानात जाते.

अलीकडे या विषयास नवे महत्त्व आले आहे. तालुक्याच्या गावी मोठी भांडारे, ज्यांस लोक सुपरमार्केट म्हणतात, उघडली आहेत. तेथे माल स्वस्त मिळतो असे ऐकून खेड्यांतील कुटुंबे महिन्याचे सामान भरण्यास तिकडे जाऊ लागली आहेत. हे खरोखर फायद्याचे आहे काय, कोणास आहे व कोणास नाही, याचा निर्णय ऐकीव गोष्टींवर सोडू नये. तो हिशेबाने करावा. हेच या पाठाचे मुख्य सूत्र होय.

पाठाची उद्दिष्टे

(१) निरनिराळ्या वजनांच्या वस्तूंचे दर एकाच एककात आणून त्यांची तुलना करणे. (२) वस्तूच्या किमतीत प्रवास, वेळ व उधारी यांचा खर्च मिळवून खरी किंमत काढणे. (३) ग्राहकाचे कायदेशीर हक्क ओळखणे. (४) गावचे दुकान, बाजार व भांडार यांचे गावाच्या जीवनातील स्थान समजून घेणे.

पूर्वतयारी

विद्यार्थ्यांनी घरातील रिकामे पुडे, पिशव्या व वेष्टने आठवडाभर आधी शाळेत जमवावी. चहा, मीठ, बिस्किटे, साबण व तेल यांची वेष्टने पुरेशी होतात. वर्गात एक साधा तराजू व वजने असावीत. दुकानात जाऊन भाव विचारून येण्याचे काम दोन-तीन विद्यार्थ्यांच्या गटांस द्यावे. दुकानदारास आधी भेटून शिक्षकांनी हेतू सांगून ठेवावा, म्हणजे मुलांकडे कोणी संशयाने पाहणार नाही.

भाग पहिला : एककाचा दर

गावातील वृद्धांच्या बोलण्यात शेर, अदपाव, पायली ही मापे अजूनही येतात. ऐंशी तोळ्यांचा पक्का शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने सुरू झाली. या बदलामुळे दर काढणे फार सोपे झाले: ग्रॅमचा दर हजारपट केला की किलोचा दर मिळतो. ही सोय विद्यार्थ्यांच्या हातात आहे, परंतु तिचा उपयोग ते क्वचित करतात.

प्रथम एक साधे उदाहरण घ्यावे. (या पाठातील सर्व भाव शिकविण्याच्या सोयीसाठी मानलेले आहेत. प्रत्यक्ष पाठ घेताना आपापल्या गावचे भाव घालावेत.) चहाच्या १० रुपयांच्या पुडीत १६ ग्रॅम चहा आहे. त्याच चहाचा २५० ग्रॅमचा पुडा १२५ रुपयांस मिळतो. पुडीच्या चहाचा किलोचा दर ६२५ रुपये येतो. पुड्याच्या चहाचा ५०० रुपये. महिन्यास एक किलो चहा लागणाऱ्या कुटुंबाने पुड्या सोडून पुडे घेतले, तर महिन्यास १२५ रुपये व वर्षास १,५०० रुपये वाचतात. यासाठी गाव सोडून कोठेही जावे लागत नाही, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावी.

मात्र 'मोठा पुडा नेहमी स्वस्त' असा नियम मुलांनी पाठ करू नये. शाम्पूसारख्या काही वस्तूंत लहान पुडीचा दर बाटलीच्या दराहून कमी पडल्याचे अनेकदा दिसते. म्हणून अंदाज बांधू नये, भागाकार करावा. जमविलेल्या वेष्टनांवरून प्रत्येक विद्यार्थ्याने किमान पाच वस्तूंचे दर काढून तक्ता करावा.

आज हा भागाकार अधिक आवश्यक झाला आहे. पूर्वी अनेक वस्तू कायद्याने ठरविलेल्या वजनांतच विकाव्या लागत. २०२१ साली आवेष्टित वस्तूंच्या नियमांत दुरुस्ती होऊन हे बंधन काढण्यात आले. त्यामुळे ८०० किंवा ८५० मिलिलिटर तेलाची पिशवी दिसण्यात एक लिटरसारखीच असू शकते. त्याच दुरुस्तीने वेष्टनावर एककाचा विक्रीदर, म्हणजे दर ग्रॅमला किंवा दर किलोला किती रुपये, हे छापण्याची तरतूदही केली. हा आकडा बारीक अक्षरांत असतो. तो शोधून काढण्याची शर्यत वर्गात लावल्यास मुले ती मोठ्या उत्साहाने खेळतात.

तेलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट शिकविण्यासारखी आहे. तेल पाण्याहून हलके असते. एक लिटर खाद्यतेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. म्हणून १५ लिटरच्या डब्यात सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम तेल असते, तर १५ किलोच्या डब्यात पुरते १५ किलो. दोन्ही डबे बाहेरून सारखे दिसतात. एक डबा पन्नास रुपयांनी स्वस्त म्हणून घेणारा मनुष्य जवळजवळ सव्वा किलोहून अधिक तेलास मुकतो.

भाग दुसरा : महिन्याच्या सामानाची तुलना

आता पाच माणसांच्या एका कुटुंबाची यादी फळ्यावर लिहावी. प्रथम गावच्या दुकानातील व नंतर तालुक्याच्या भांडारातील किंमत द्यावी.

साखर ४ किलो : १८४ रुपये, १७२ रुपये.
तूरडाळ ३ किलो : ४५० रुपये, ४१४ रुपये.
गोडेतेल ४ लिटर : ६२० रुपये, ५९२ रुपये.
चहा १ किलो : ५०० रुपये, ४७२ रुपये.
धुण्याचा साबण ८ वड्या : ८० रुपये, ७५ रुपये.
शेंगदाणे २ किलो : २६० रुपये, २८० रुपये.
गूळ २ किलो : ११० रुपये; १३० रुपये.
एकूण : २,२०४ रुपये, २,१३५ रुपये.

फरक ६९ रुपयांचा आहे. पहिल्या पाच वस्तूंत भांडार १०९ रुपयांनी स्वस्त पडते. शेंगदाणे व गूळ यांत ४० रुपयांनी महाग पडते. असे का व्हावे, हा प्रश्न मुलांस विचारावा. कंपनीचा माल व गिरणीतील माल भांडार एकाच वेळी प्रचंड प्रमाणात घेते, त्यामुळे त्यास तो कमी दराने मिळतो. ग्राहक स्वतःच माल उचलून आणत असल्याने तेथे माप घालण्यास व पुड्या बांधण्यास माणसे कमी लागतात. याउलट आसपासच्या शेतात पिकणारा किंवा जवळच्या गुऱ्हाळात होणारा माल गावास लांबून यावा लागत नाही. त्यावर वाहतूक, वेष्टन व मधले हात यांचा बोजा पडत नाही. शिवाय १८ जुलै २०२२ पासून वेष्टनात बांधलेल्या व छापील माहिती असलेल्या २५ किलोपर्यंतच्या धान्य-डाळींवर ५ टक्के वस्तू व सेवा कर बसला. सुट्या धान्यावर तो बसला नाही.

यानंतर हिशेबाची दुसरी पायरी. तालुक्यास जाण्यायेण्याचे बसभाडे ६० रुपये धरावे.

(अ) पुरुषाने एकट्याने जाऊन सर्व सामान आणले : ६९ वजा ६०, बचत ९ रुपये.
(आ) स्त्रीने जाऊन आणले : १७ मार्च २०२३ पासून राज्य परिवहनाच्या बसमध्ये स्त्रियांस ५० टक्के सवलत लागू झाली, म्हणून ६९ वजा ३०, बचत ३९ रुपये.
(इ) दोन पुरुष गेले : ६९ वजा १२०, तोटा ५१ रुपये.
(ई) एका पुरुषाने जाऊन स्वस्त पडणाऱ्या पाचच वस्तू भांडारातून घेतल्या, शेंगदाणे व गूळ गावात घेतले : १०९ वजा ६०, बचत ४९ रुपये.
(उ) तीच खरेदी दोन महिन्यांची एकदम केली : २१८ वजा ६०, बचत १५८ रुपये, म्हणजे महिन्यास ७९ रुपये.
(ऊ) बँकेच्या किंवा दवाखान्याच्या कामास जावेच लागले होते, तेव्हा येताना पाच वस्तू आणल्या : भाडे या खरेदीवर घालण्याचे कारण नाही, बचत १०९ रुपये.

रोजावर काम करणाऱ्या मनुष्याने याच कामासाठी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडविली, तर वरील सर्व बचती नाहीशा होतात. हे गणित विद्यार्थ्यांनी गावातील मजुरीचा दर घालून स्वतः करावे. एकाच भांडारातील एकाच मालाची खरेदी एकास लाभाची व दुसऱ्यास तोट्याची कशी ठरते, हे त्यांस उपदेशावाचून कळेल. पहिल्या भागातील १२५ रुपयांची आठवणही येथे करून द्यावी. पुडीऐवजी पुडा घेतल्याने होणारी बचत तालुक्यास जाऊन होणाऱ्या कोणत्याही बचतीपेक्षा मोठी आहे.

भाग तिसरा : भांडाराची मांडणी

ग्राहकाने स्वतः माल उचलून घेण्याची पद्धत अमेरिकेतील मेंफिस शहरी क्लॅरेन्स सॉन्डर्स याने १९१६ साली काढलेल्या दुकानापासून रूढ झाली. १९३७ साली ओक्लाहोमा सिटी येथील दुकानदार सिल्व्हन गोल्डमन याने चाकांची गाडी आणली. हातातील टोपली जड झाली की ग्राहक खरेदी थांबवितो, हे त्याने पाहिले होते. गाडी ढकलणाऱ्याच्या हातास ओझे जाणवत नाही. भांडारातील पुष्कळशा योजनांचे मर्म या एका गोष्टीत आहे.

रोजच्या गरजेच्या वस्तू बहुधा आतल्या बाजूस ठेवतात, म्हणजे तेथवर जाताना इतर वस्तू दृष्टीस पडतात. पैसे देण्याच्या रांगेजवळ गोळ्या व चॉकलेटे लहान मुलांच्या हाताशी असतात. १०० ऐवजी ९९ लिहिलेले असते. यात बेकायदेशीर काही नाही. व्यापार करणाऱ्याने माल आकर्षक मांडावा हे स्वाभाविक आहे. ग्राहकाने मात्र घरून यादी लिहून न्यावी व यादीबाहेर जाऊ नये. वरील (अ) प्रकारात वीस रुपयांचा एकच बिस्किटपुडा यादीबाहेर घेतला गेला, तर नऊ रुपयांच्या बचतीचा अकरा रुपयांचा तोटा होतो.

'दोनांवर एक फुकट' या जाहिरातीचे गणित वर्गात अवश्य घ्यावे. तीन वस्तूंस दोन वस्तूंचे पैसे पडले, म्हणजे सूट ३३ पूर्णांक १/३ टक्के झाली. मुले ती प्रथम ५० टक्के सांगतात. आणि घरात एकच वस्तू लागत असेल, तर एकाऐवजी दोहोंचे पैसे खर्च झाले, हेही ध्यानात आणून द्यावे. वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत ही सर्व करांसह असलेली वरची मर्यादा आहे. तीहून अधिक घेता येत नाही. कमी घेण्यास मात्र पूर्ण मुभा आहे. हे ठाऊक असलेला ग्राहक गावच्या दुकानातही, अधिक माल रोखीने घेताना, दोन रुपये कमी करण्याविषयी बोलू शकतो. बरेच दुकानदार तसे करतातही.

भाग चौथा : उधारीची वही

हा या पाठाचा सर्वांत नाजूक भाग होय. गावचा दुकानदार भांडाराहून ६९ रुपये अधिक घेतो, परंतु पुष्कळदा तो पैसे महिन्याने घेतो. २,१३५ रुपयांवर महिन्यास ६९ रुपये म्हणजे शेकडा सुमारे सव्वातीन रुपये. सगळा फरक व्याजाचाच मानला, तर हा दर वर्षास शेकडा एकोणचाळीसच्या आसपास जातो. सरळव्याज शिकविताना हे उदाहरण घेण्यासारखे आहे.

परंतु येथेच थांबणे दुकानदारावर अन्याय करण्यासारखे होईल. त्या ६९ रुपयांत माल तालुक्याहून आणण्याचा खर्च आहे, पाव किलो डाळ मोजून देण्याची मेहनत आहे, काही उधारी बुडते तिची भर आहे. आणि ग्राहकाचे साठ रुपये भाडे वाचले आहे. आषाढ-श्रावणात शेतमजुराच्या हाती रोकड नसते. घरात कोणी आजारी पडते. रात्री पाहुणा येतो. अशा वेळी भांडार कोणास उधार देत नाही; गावचा दुकानदार तारण न मागता, तोंडओळखीवर देतो.

पुढील प्रश्न सातवीच्या वर्गास विचार करण्यासाठी द्यावा. गावातील ज्यांच्या हाती महिन्याच्या महिन्यास रोकड येते, त्या सर्वांनी गावच्या दुकानाकडे पाठ फिरविली, तर काय होईल? दुकानात केवळ उधारीचे ग्राहक उरतील. रोख पैसा न आल्यामुळे दुकानदारास माल भरता येणार नाही. तो प्रथम उधारी थांबवील व नंतर दुकान. मग वृद्धांस, अपंगांस व मजुरांस मीठ-मिरचीसाठी साठ रुपये भाडे मोजावे लागेल. रोकड बाळगणाऱ्याची महिन्याची चाळीस-पन्नास रुपयांची बचत अशा रीतीने दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर बसू शकते. शिक्षक स्वतः गावातील मासिक वेतन मिळणाऱ्या थोड्या लोकांपैकी एक असतो. या प्रश्नाचे उत्तर मुले त्याच्या वागण्यातही शोधतील, हे त्याने ओळखून असावे.

दुकान टिकावे म्हणून कोणी डोळे मिटून अधिक पैसे द्यावेत, असा याचा अर्थ नव्हे. दुकानदाराने भाव लिहून लावावेत, वहीतील नोंद ग्राहकासमोर करावी व तिची प्रत ग्राहकाच्या वहीतही असावी, एवढी अपेक्षा रास्त आहे. वाचता येणाऱ्या मुलाने आपल्या घरची वही महिन्यातून एकदा दुकानदाराच्या वहीशी ताडून पाहावी. साक्षरतेचा याहून प्रत्यक्ष उपयोग क्वचितच दाखविता येईल.

भाग पाचवा : एकत्र खरेदी

आता तोच हिशेब पाच कुटुंबांसाठी मांडावा. पाच कुटुंबांनी स्वस्त पडणाऱ्या पाच वस्तूंची यादी एकत्र केली व एका माणसास पाठविले. एकूण बचत ५४५ रुपये. भाडे ६० रुपये व सुमारे पासष्ट किलो सामान आणण्यास गाडीखर्च १५० रुपये वजा केल्यास ३३५ रुपये उरतात. प्रत्येक कुटुंबास ६७ रुपये. एकट्याने गेल्यास ४९ रुपयेच वाचत होते, शिवाय आता चार घरांचा दिवस मोडला नाही.

या साध्या विचारातून मोठ्या संस्था उभ्या राहिल्या आहेत. इंग्लंडमधील रॉचडेल गावी २८ जणांनी २१ डिसेंबर १८४४ रोजी लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ व मेणबत्त्या एवढ्याच मालावर स्वतःचे दुकान उघडले. जगातील ग्राहक सहकारी चळवळ त्यास आपला आदर्श मानते. मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली सुरू झालेले सहकारी भांडार पुढे 'अपना बाजार' या नावाने प्रसिद्धीस आले. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकान न थाटताच, सभासद कुटुंबांचे लहान लहान संघ करून, त्यांची मागणी एकत्र खरेदी करून वाटण्याची पद्धत घालून दिली. कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरचा वारणा बाजार हे ग्रामीण भागातील सहकारी भांडाराचे जवळचे उदाहरण आहे. गावातील महिला बचत गटासही हे करता येते. ज्या मजूर स्त्रीपाशी पुड्यासाठी १२५ रुपये एकदम नसतात, तिच्यासाठी गटाने पुडा घेऊन चौघींत वाटला, तर तिलाही पुड्याचाच दर पडतो. सुगीच्या दिवसांत गहू, ज्वारी व तूर यांची वर्षाची बेगमी शेतकऱ्याकडून गटाने घेतल्यास वाहतूक वाचते व शेतकऱ्यासही रोख पैसा मिळतो.

भाग सहावा : वजन, पावती व तक्रार

स्वस्त भाव व कमी वजन यांची सांगड असेल, तर सारा हिशेब व्यर्थ जातो. व्यापारी वजने दर दोन वर्षांनी व इलेक्ट्रॉनिक काटे दर वर्षी वैधमापन खात्याकडून तपासून त्यांवर मुद्रा घ्यावी लागते. माल ठेवण्यापूर्वी काटा शून्यावर आहे काय, हे पाहण्याची सवय मुलांस लावावी. खोक्याचे किंवा भांड्याचे वजन मालात धरले जाऊ नये. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ साली झाला; त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ हा आहे. तक्रारीस पावती लागते. म्हणून, दुकान लहान असो की मोठे, पावती मागावी.

अध्यापनातील पथ्ये

(१) दुकानदाराचा मुलगा किंवा मुलगी वर्गात असल्यास त्याच्या घरच्या दुकानाचे भाव नाव घेऊन फळ्यावर लिहू नयेत; 'दुकान क्रमांक एक' असे लिहावे. (२) कोणाही विद्यार्थ्यास घरची उधारीची वही शाळेत आणण्यास सांगू नये. उधारीची उदाहरणे मानलेलीच असावीत. (३) शिधापत्रिकेवर धान्य घेणाऱ्या कुटुंबांचा उल्लेख वर्गात निराळा करू नये. (४) 'भांडार चांगले की दुकान चांगले' असा वाद लावून निकाल देऊ नये. कोणती वस्तू, कोणी, केव्हा व किती घ्यावी, या चार प्रश्नांची उत्तरे हिशेबाने काढण्यास शिकवावे.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

(१) घरातील दहा वस्तूंचे एककाचे दर काढून चढत्या क्रमाने लिहा.
(२) आठवड्याच्या बाजारात एकाच भाजीचा भाव सकाळी व बाजार उठताना विचारा. फरकाची कारणे लिहा. मालाच्या प्रतीत पडलेला फरकही नोंदवा.
(३) एकच सीलबंद पुडा दोन काट्यांवर तोलून वजने लिहा.
(४) १५ लिटरचा डबा २,२०० रुपयांस व १५ किलोचा डबा २,३५० रुपयांस आहे. प्रत्येकी किलोचा दर काढा. (उत्तर : सुमारे १६१ रुपये व १५७ रुपये, महाग दिसणारा डबा स्वस्त आहे.)
(५) आईवडिलांना विचारून पुढील महिन्याच्या सामानाची यादी तयार करा व कोणती वस्तू कोठून घ्यावी, ते कारणासह लिहा.

पाचव्या उपक्रमाची यादी मुलांनी घरी वाचून दाखवावी. पुढील महिन्याची खरेदी झाल्यावर प्रत्यक्ष खर्च तिच्याशी ताडून पाहावा. अंदाज कोठे चुकला याची चर्चा वर्गात व्हावी, आणि त्या चर्चेतच या पाठाची परीक्षा मानावी.